पाकिटावरचा ५५१ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पाकिटावरची घटकयादी कशी वाचावी, याबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच आकड्याविषयी आहेत : ५५१, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, यालाच सिलिका म्हणतात. पावडर भरणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम मी अनेक वर्षं केलं आहे. हा पदार्थ माझ्या हाताखालून रोज जायचा, त्यामुळे उत्तरं जरा सविस्तर देते.

प्रश्न : सूपच्या पाकिटावर ‘अँटिकेकिंग एजंट (५५१)’ असं छापलंय. शोधून पाहिलं तर ते सिलिकॉन डायऑक्साइड निघालं. म्हणजे वाळूच ना? आपल्याला वाळू खायला घालतात का?

सूत्र एकच आहे, हे खरं. पण वाळूचा कण स्फटिकाचा असतो : टणक आणि धारदार कडांचा. खाद्यपदार्थात घालतात ती सिलिका अस्फटिकी असते, म्हणजे तिच्या अणूंची स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना नसते. ती वाळू दळून मिळत नाही, कारखान्यात मुद्दाम तयार करावी लागते. एका पद्धतीत सोडियम सिलिकेटच्या द्रावणात आम्ल घालून साका खाली बसवतात, धुतात, वाळवतात. दुसरीत सिलिकॉन टेट्राक्लोराइडची वाफ हायड्रोजनच्या ज्योतीत जाळतात.

या दुसऱ्या प्रकारची गोणी पहिल्यांदा उचलणारा माणूस हमखास फसतो. आकार बघून तो कंबर सावरतो आणि गोणी अलगद वर येते. एक लिटरच्या मापात ही पावडर जेमतेम पन्नास ग्रॅम मावते. चिमूटभर बोटांवर चोळली तर खर लागत नाही, उलट बोटं कोरडी पडतात, कारण त्वचेवरचा ओलावा आणि तेलकटपणा ती शोषून घेते. हेच तिचं पाकिटातलं काम. सुपाच्या पावडरीत मीठ, साखर, स्टार्च आणि तेलाचा अंश असतो. हवेतला ओलावा लागला की कण एकमेकांना चिकटतात आणि दगड होतो. सिलिकेचे अतिसूक्ष्म कण प्रत्येक दाण्यावर बसतात, दोन दाण्यांना थेट भिडू देत नाहीत आणि ओलावाही ओढून घेतात. कॅरमबोर्डावर पावडर भुरभुरली की सोंगट्या सुळकन सरकतात, तसे दाणे सरकू लागतात.

आम्ही हे मोजायचो. नरसाळ्यातून पावडर सपाट पत्र्यावर सोडायची आणि पडलेल्या ढिगाची उतरण मोजायची. नीट वाहणाऱ्या पावडरीचा ढीग पसरट पडतो, चिकट पावडरीचा उंच आणि टोकदार. अर्धा टक्का सिलिका मिसळली की टोकदार ढीग बघता बघता बसका व्हायचा. आणखी घातली तर फारसा फरक पडत नाही. एका मर्यादेपुढे पावडर उलट धुरळा करू लागते, आणि पाकिटाच्या तोंडाशी धूळ बसली की शिवण नीट लागत नाही. त्यामुळे ती भरमसाठ घालण्यात उत्पादकाचाही काही फायदा नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मर्यादा पदार्थाच्या वजनाच्या २ टक्क्यांची आहे.

पोटात गेलेली बहुतेक सिलिका न पचता विष्ठेवाटे बाहेर पडते. थोडी विरघळून रक्तात जाते आणि मूत्रपिंडं ती गाळून टाकतात. कोंड्यासकट खाल्लेल्या धान्यातूनही शरीराला सिलिकॉन मिळतच असतं.

प्रश्न : माझे वडील दगडखाणीत कामाला होते. सिलिकोसिसनं गेले. तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून ‘सिलिका’ हा शब्द ऐकला, आणि आता तोच मुलांच्या खाण्यावर छापलेला दिसतो. मला ते पाकीट हातात धरवत नाही.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ज्या घरानं तो खोकला ऐकला आहे त्या घराला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणं मला जमणार नाही, म्हणून नेमकं काय घडतं ते सांगते.

वडिलांच्या फुप्फुसात गेली ती स्फटिकी सिलिका. दगड फुटताना उडणाऱ्या धुळीतले डोळ्यांना न दिसणारे कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या रक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि दुसऱ्या पेशी त्यांना गिळायला येतात. हे चक्र वर्षानुवर्षं चालतं आणि फुप्फुसात व्रणासारख्या घट्ट गाठी होत जातात. काम सोडल्यावरही आजार वाढत राहतो तो यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. अस्फटिकी सिलिका त्याच वेळी तिसऱ्या गटात गेली, म्हणजे तिच्याबाबत तसा निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा नव्हता.

पाकिटातली सिलिका अस्फटिकी आहे आणि ती अन्नमार्गानं जाते, जिथून बाहेर पडायची वाट मोकळी असते. तुमच्या मुलांना सिलिकोसिसचा धोका या पाकिटातून नाही.

मात्र ज्या माणसानं ती गोणी मिक्सरमध्ये रिकामी केली, त्याचा विचार व्हायलाच हवा. हलकी पावडर हवेत तरंगत राहते. अस्फटिकी असली तरी श्वासात जाणारी कुठलीही बारीक धूळ नाक-घसा-छातीला त्रास देते. मिक्सरच्या तोंडाशी हवा खेचणारी यंत्रणा चालू असल्याशिवाय आणि कामगाराच्या तोंडावर चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क असल्याशिवाय गोणी फोडू द्यायची नाही, यावर मी अडून बसायचे. तोंडाला नुसता रुमाल बांधून भागत नाही. तुमच्या ओळखीचं कुणी अशा कामावर असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

प्रश्न : याचे कण नॅनो असतात आणि युरोपातच त्यावर शंका घेतली गेली होती, असं वाचलं. माझं बाळ तीन महिन्यांचं आहे आणि डब्यातल्या दुधावर आहे. काय करू?

तुम्ही वाचलंत ते खरं आहे, पण ती गोष्ट २०१८ सालची. युरोपची अन्नसुरक्षा संस्था, एफ्सा, हिनं तेव्हा म्हटलं की वापराच्या प्रमाणात विषारीपणाची चिन्हं दिसत नाहीत, पण सुरक्षित असल्याचं ठामपणे सांगायला हाती असलेली माहिती अपुरी आहे. मूळ कण खरोखरच १०० नॅनोमीटरहून लहान असतात. ते एकमेकांना चिकटून मोठे पुंजके होतात, तरी त्या पुंजक्यांच्या आकाराची नीट माहिती संस्थेनं उत्पादकांकडे मागितली. ही मागणी रास्तच होती.

पुढचा निर्णय २०२४ मध्ये आला : सांगितलेल्या वापरात आणि प्रमाणात कोणत्याही वयोगटाला धोका दिसत नाही. यात सोळा आठवड्यांखालची बाळंही वेगळी तपासली गेली. त्याबरोबरच शिशासारख्या विषारी धातूंच्या मर्यादा आणखी घट्ट करण्याची शिफारसही झाली. शिशु आहारात हा पदार्थ आला तर तो बहुधा जीवनसत्त्वांच्या मिश्रणाबरोबर, अगदी अल्प प्रमाणात येतो. त्यासाठी डबा बदलू नका. पाण्याची स्वच्छता, उकळणं आणि पावडरीचं अचूक माप यांकडे लक्ष द्या; बाळाच्या पोटाला खरा धोका तिथे असतो. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तर कोणतं दूध द्यायचं ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच ठरवू द्या.

प्रश्न : मग १७१ वर बंदी का आली? तेही खनिजच ना?

हो, टायटॅनियम डायऑक्साइड. पण खनिज म्हणून दोघांना एका पारड्यात टाकू नका. २०२१ मध्ये एफ्सानं सांगितलं की त्यानं पेशींतल्या जनुकीय द्रव्याला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपीय संघानं ते खाद्यपदार्थांतून काढायला लावलं. अमेरिकेत १ टक्क्यापर्यंत अजून चालतं. मी स्वतः ते टाळते, कारण त्याचं काम फक्त पांढरा रंग देण्याचं आहे. रंगासाठी एवढी शंका कशाला पत्करायची?

प्रश्न : पाकिटातलं मीठ पाण्यात टाकलं की पाणी दुधट होतं. भेसळ आहे का?

लगेच तसं समजू नका. मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले काही पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत : सिलिकॉन डायऑक्साइड, कॅल्शियम सिलिकेट, मॅग्नेशियम कार्बोनेट. त्यांचा धुरकटपणा बराच वेळ तसाच राहतो. वाळू असेल तर ती क्षणात तळाशी बसते आणि बोटाला खरखरीत लागते. त्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाहा. पाणी निवळलं तर बहुधा मॅग्नेशियम कार्बोनेट असेल. सिलिका असेल तर व्हिनेगरनं काही होणार नाही. मग पाकिटावरची यादी वाचा. तळाशी खर बसत असेल आणि यादीत मात्र असं काहीच नसेल, तर तक्रार करा.

प्रश्न : डब्यात ‘खाऊ नका’ लिहिलेली सिलिका जेलची पुडी असते. माझ्या दोन वर्षांच्या मुलानं ती चावून फोडली. आता बरा आहे, पण पुन्हा झालं तर?

तोंडातले दाणे बोटानं काढा, तोंड पुसून घ्या, पाणी पाजा. उलटी करायला लावू नका. साधे पांढरे, पारदर्शक दाणे विषारी नसतात. त्यांच्याहून मोठी भीती दाणे किंवा पुडी घशात अडकण्याची. मूल गुदमरत असेल, सतत खोकत असेल, लाळ गळत असेल किंवा दाणे रंगीत असतील, तर पुडीचा कागद बरोबर घेऊन दवाखाना गाठा. ओलावा दाखवणाऱ्या काही निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. डबा उघडल्या उघडल्या पुडी काढून फेकून द्या.