ढगाचं वजन करण्यापूर्वी

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टीवायच्या प्रोजेक्टसाठी तू ‘तारे कसे जन्मतात’ असा विषय लिहून पाठवला आहेस. एवढ्या पसाऱ्यात चार महिन्यांत काही हाती लागणार नाही. तो आखूड कर. एकच रेणवीय ढग, म्हणजे ज्यातून तारे घडतात तो थंड वायूचा ढग, घे, त्याचं वस्तुमान काढ आणि तो स्वतःच्या गुरुत्वानं धरून ठेवलेला आहे की पांगतोय, एवढंच ठरव. नाशकात बसून, आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर हे होतं. डेटा फुकट आहे, पायथन फुकट आहे. तुझ्याकडे फक्त एककांबद्दल संशयी स्वभाव हवा.

प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. आपल्या आकाशगंगेत रेणवीय वायू साधारण १०० कोटी सूर्यांइतका आहे. घनसेंटिमीटरला १०० रेणू धरले आणि अडवणारं काही नसलं, तर ढग सुमारे ३० लाख वर्षांत कोसळायला हवा. भागाकार कर, वर्षाला ३०० सूर्य येतात. प्रत्यक्षात होतात दोनेक. ही शंभरपटीहून मोठी तफावत १९७४ पासून माहीत आहे. वायूतली खळबळ, चुंबकीय क्षेत्र, नव्या ताऱ्यांचा मारा, यांतलं कोण किती आडवं येतं आणि मुळात किती ढग गुरुत्वानं बांधलेले असतात, यावर अजून वाद चालू आहेत.

आता मुख्य अडचण. ढगात भरलाय हायड्रोजन, आणि नेमका तोच दिसत नाही. दोन सारख्या अणूंचा रेणू, त्यामुळे कायमचा द्विध्रुव (प्रभाराची दोन टोकं) नाही, आणि त्याशिवाय रेडिओलहरी जवळजवळ निघत नाहीत. त्याची सर्वांत सोपी रेषा २८ मायक्रॉनवर आहे, आणि तिच्यासाठी जी पातळी चढावी लागते ती जवळजवळ ५१० केल्विन उंचीवर. ढगाचं तापमान मात्र १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस. निफाडला पारा पाचावर आला की आपल्याकडे पेपरात बातमी होते! त्या गारठ्यात हायड्रोजन गप्पच राहतो. म्हणून कार्बन मोनॉक्साइडला विचारायचं. दर दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे त्याचा साधारण एक, पण ११५.२७ गिगाहर्ट्‌झवर तो १० केल्विनलाही बोलतो. विल्सन, जेफर्ट्‌स आणि पेन्झियस यांनी १९७० मध्ये तो पहिल्यांदा ऐकला तो मृगात, बाणाच्या खाली अंधुक ठिपक्यांची उभी ओळ दिसते तिथल्या तेजोमेघात.

तुझं सगळं काम या साक्षीदाराच्या जबानीवर उभं राहणार आहे. तो कुठे काय लपवतो ते माहीत नसेल तर आकडे सुबक येतील आणि चुकीचे असतील.

डेटा घे गॅलॅक्टिक रिंग सर्व्हेचा. अमेरिकेतल्या १४ मीटरच्या दुर्बिणीनं केलेला, १३ भाराचा कार्बन असलेल्या मोनॉक्साइडचा (याला पुढे ‘तेरा-सीओ’ म्हणू), ११०.२ गिगाहर्ट्‌झवरचा. बीम, म्हणजे दुर्बिणीला एका वेळी दिसणारा आकाशाचा ठिपका, ४६ आर्कसेकंद, वेगाचा एक चॅनल ०.२१ किमी प्रति सेकंद. पट्टा आकाशगंगेचा, रेखांश १८ ते ५६ अंश, म्हणजे श्रवण ताऱ्याच्या बाजूचा. ऑक्टोबरच्या अमावास्येला हरसूलकडे गेलीस तर तिथे आकाशगंगा मधोमध चिरल्यासारखी दिसेल. ती चीर म्हणजे रिकामी जागा नाही, जवळची धूळ आहे. डेटात मात्र तिच्या खूप मागचे ढगही येतात, त्याचा त्रास पुढे आहेच.

सोबत साधा कार्बन मोनॉक्साइड हवा. तो जपानच्या नोबेयामा इथल्या ४५ मीटरच्या दुर्बिणीच्या फुगिन सर्व्हेतून मिळेल, रेखांश १० ते ५० अंशांपर्यंत. त्याचं विभेदन २० आर्कसेकंदांच्या आसपास आहे. दोन्हींचं गुणोत्तर काढायच्या आधी तो ४६ पर्यंत धूसर करून त्याच जाळीवर आण. हे टाळलं तर ढगाच्या कडांवर ‘गरम’ कडी उमटते, आणि ती खरी समजून त्यावर पानभर लिहिलं जातं.

फिट्‌स फाइल (सर्व्हेचा डेटा ज्या साच्यात मिळतो ती) उघडली की आधी हेडर, म्हणजे तिच्या सुरुवातीची माहिती, वाच. वेग बऱ्याचदा मीटर प्रति सेकंदात असतो. किलोमीटर समजलीस तर ढग हजारपट वेगानं पळेल. ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी चूक तापमानाची. रिंग सर्व्हेतले आकडे अँटेना तापमान आहेत, त्यांना बीमच्या कार्यक्षमतेनं, म्हणजे ०.४८ नं भागावं लागतं. विसरलीस तर वस्तुमान निम्म्याहून कमी येतं आणि तरी पटण्यासारखं दिसतं. दुसऱ्या सर्व्हेतला आकडा आधीच भागलेला आहे का, ते त्यांच्या शोधनिबंधातून खात्री करून घे, दोनदा भागू नकोस. संपूर्ण क्यूब (आकाशाच्या दोन दिशा आणि वेग असा तिमितीय डेटा) मेमरीत ओढू नकोस, हवा तो तुकडा कापून घे.

तापमान काढताना आणखी एक खड्डा आहे. साधा सीओ इतका अपारदर्शक की फक्त ढगाची साल दिसते. तापमानासाठी ते सोयीचं. पण शिखर ६.६५ केल्विन दिसलं म्हणून वायू ६.६५ केल्विनचा नसतो. या वारंवारितेला रॅले-जीन्सचं सोपं सूत्र १० केल्विनला चालत नाही, आणि मागची २.७ केल्विनची पार्श्वभूमीही वजा झालेली असते. ६.६५ मध्ये ०.८४ मिळव, ५.५३ ला त्या बेरजेनं भाग, एक मिळव, नैसर्गिक लॉगरिदम घे आणि ५.५३ ला त्यानं भाग. उत्तर १० येईल. हे एकदा कॅल्क्युलेटरवर हातानं कर, मगच कोड लिही.

त्याच जागी तेरा-सीओचं शिखर ३ केल्विन असेल, तर त्याची प्रकाशीय जाडी, म्हणजे वायू किती अपारदर्शक आहे त्याचं माप, निघते ०.५९. पुस्तकं त्याला ‘पारदर्शक’ म्हणून सोडून देतात. इथे तसं केलंस तर स्तंभघनता (आपल्या नजरेच्या रेषेतल्या एकूण रेणूंची मोजणी) सुमारे पाव भागानं कमी येईल, तिला १.३३ नं गुणावं लागतं. पुढे वस्तुमान काढताना दर हायड्रोजन रेणूमागे २.८ हायड्रोजन अणूंचं वजन धर, २ नव्हे. उरलेलं मुख्यतः हेलियमचं आहे. एवढं करूनही वस्तुमानात दुपटीची अनिश्चितता राहते, कारण तेरा-सीओ आणि हायड्रोजनचं प्रमाण जागोजागी बदलतं. ती अनिश्चितता अहवालात मोकळेपणानं लिही. परीक्षकाला ती दिसली नाही तर त्याला संशय यावा, उलट नव्हे.

आणि जिथे तारा खरोखर घडतो, त्या घट्ट गाभ्यात हा साक्षीदार फितूर होतो. २० केल्विनच्या खाली, दाट वायूत सीओ धुळीच्या कणांवर बर्फ होऊन चिकटतो. वृषभेतल्या एल १५४४ या गाभ्याच्या मधोमध सीओ कमी दिसतो, पण तिथे पोकळी नाही, उलट सर्वांत जास्त वायू आहे. तिथे अमोनिया किंवा धुळीचं दूर-अवरक्त प्रारण बघायचं. तू ४६ आर्कसेकंदांच्या बीमनं, दूरच्या आख्ख्या ढगावर काम करते आहेस म्हणून बहुतांशी वाचशील.

शेवटी निकालाचा आकडा, आल्फा. वायूची खळबळ गुरुत्वाच्या तुलनेत किती, ते तो सांगतो; लहान आला तर ढग बांधलेला, मोठा आला तर पांगणारा. सिग्मा म्हणजे वायूच्या वेगाचा फैलाव. सिग्माचा वर्ग, गुणिले त्रिज्या, गुणिले ५, भागिले गुरुत्वांक आणि वस्तुमान. पार्सेक, किमी प्रति सेकंद आणि सूर्यवस्तुमान या एककांत गुरुत्वांक ०.००४३. समज, त्रिज्या २ पार्सेक, वस्तुमान २००० सूर्य, रेषेची अर्ध्या उंचीवरची रुंदी २ किमी प्रति सेकंद. सिग्मा मिळतो ती रुंदी भागिले २.३५५ करून, इथे ०.८५. आल्फा येतो ०.८४, ढग बांधलेला आहे. आता सिग्माच्या जागी चुकून रुंदीच टाक. आल्फा ४.६५, ढग पांगतोय! तोच ढग, उलटा निष्कर्ष. फिट करणारा कोड सिग्मा देतो, शोधनिबंधांत बहुधा रुंदी छापतात, आणि घोळ तिथेच होतो. रुंदी मोजायची तीही तेरा-सीओवरून. साध्या सीओची रेषा अपारदर्शकतेमुळे फुगलेली असते.

अंतराचा त्रास म्हटलं तो असा. ढगाचं अंतर त्याच्या वेगावरून काढतात, पण या पट्ट्यात एकाच वेगाला दोन अंतरं बसतात, जवळचं आणि लांबचं. समज, ३ आणि ९ किलोपार्सेक. वस्तुमान अंतराच्या वर्गानं बदलतं म्हणून नऊपट फरक, आणि आल्फा एकतृतीयांश. सोडवायचा उपाय २१ सेंटिमीटरच्या रेषेत आहे. ढग जवळचा असेल तर त्यातला थंड अणुरूप हायड्रोजन मागच्या ऊबदार हायड्रोजनचं प्रारण शोषतो आणि त्याच वेगाला खळगा दिसतो. पुणे रस्त्यावर नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत, त्यांना १४२० मेगाहर्ट्‌झची ही रेषा ऐकू येते. ११५ गिगाहर्ट्‌झ हे त्यांचं काम नाही, तेव्हा ‘जीएमआरटीवर सीओ बघायचाय’ असं मुलाखतीत बोलून बसू नकोस. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांना आत सोडतात, तेव्हा जाऊन ये.

जॅम, जेस्ट या प्रवेशपरीक्षा, सुट्टीतले विद्यार्थी कार्यक्रम यांच्या तारखा तुला माझ्यापेक्षा आधी कळतात, त्यावर लिहीत नाही.

या आठवड्यात एवढंच कर. रिंग सर्व्हेचा एक तुकडा उतरव, ज्या चॅनलमध्ये रेषा नाही असे पन्नासेक निवड आणि त्यांतल्या गोंगाटाचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढ. ०.१३ केल्विनच्या आसपास यायला हवा. ०.२७ आला तर तू आधीच ०.४८ नं भागलेलं आहेस. दोन्ही नसेल तर निवडलेल्या चॅनलमध्ये कुठला तरी ढग शिरलाय, स्पेक्ट्रम काढून बघ. आकडा आणि स्पेक्ट्रम दोन्ही पाठव.

तुझे,
सर