दाजीपूरला गवे दिसले, शेकरू (झाडावर राहणारी मोठी खार) मात्र नाही. तो नेमका कसल्या जंगलात राहतो?

गवे दिसले म्हणजे तुम्ही बहुतेक सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, किंवा गवताळ माळाच्या कडेला थांबला असाल. तिथं शेकरू मिळायचा नाही. तो जमिनीवर क्वचितच उतरतो. खातो, झोपतो, पिल्लं वाढवतो ते सगळं वरच. दाजीपूर ज्यात येतं त्या राधानगरी अभयारण्यात त्याला शोधायचं ते ओढ्याकाठच्या आणि दरीच्या उतारावरच्या निमसदाहरित (काही झाडं वर्षभर हिरवी, काही पानगळीची) दाट झाडीत. जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर अशी जुनी झाडं तिथं फांदीला फांदी लावून उभी असतात.

माझ्या मते झाडांच्या जातींपेक्षा हे फांदीला फांदी लागणंच महत्त्वाचं. शेकरू साधारण सहा मीटर झेप घेतो. रस्त्यामुळे किंवा तोडीमुळे त्याहून रुंद पट्टा मोकळा झाला की पलीकडचं जंगल त्याला तुटलंच, मग तिथं फळं कितीही असोत. म्हणून झाडं मोजून जंगल शाबूत आहे म्हणणं मला पटत नाही. वर बघा, आभाळ किती दिसतं ते.

आधी घरटं हुडका. डहाळ्या आणि पानांचा मोठा गोळा, उंच झाडाच्या शेंड्याकडं, बारीक फांद्यांत. जड शिकारी तिथवर पोचत नाही म्हणून ही जागा. गल्लत दोन ठिकाणी होते: गरुडाचं घरटं जाड काटक्यांचं आणि वरून उघडं असतं, झाडावरचं मुंग्यांचं घर तपकिरी, पापुद्र्यांचं असतं, त्यात डहाळ्या नसतात. एकच शेकरू आपल्या हद्दीत बरीच घरटी बांधतो, तेव्हा घरटं दिसलं म्हणजे तो आत आहेच असं नाही. पानं हिरवी असतील तर ते ताजं समजा.

वेळ सकाळी लवकर, नाहीतर दुपार कलल्यावर. भर दुपारी तो फांदीवर पसरून पडलेला असतो. फळाला आलेलं उंबर किंवा जांभूळ गाठा, खाली ताजी कुरतडलेली फळं पडली असतील तर तिथंच बसा. माणसाची चाहूल लागली की शेकरू फांदीला चिकटून निपचित राहतो, आणि बरेच जण इथंच कंटाळून निघून जातात. पंधरा-वीस मिनिटं न बोलता थांबा. अंगापेक्षा लांब, झुपकेदार शेपटी फांदीखाली लोंबते, नजर तिच्यासाठी फिरवा. शेंगदाणे, बिस्किटं टाकून त्याला खाली बोलवू नका. जमिनीवर तो कुत्र्याच्या तावडीत सहज सापडतो.