सुपर बोल कुठल्या शहरात होणार हे कसं ठरतं? आणि बर्फाच्या शहराला तो द्यावा का?

स्टेडियम. संपलं उत्तर. सुपर बोल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा (NFL) दरवर्षीचा अंतिम सामना; ज्या गावाने नवं स्टेडियम बांधलं त्याला तो बहुतेक वेळा एकदा मिळतो, गाव थंड असलं तर बहुधा छत लागतं एवढंच. पण तुम्ही ‘बर्फाचं शहर’ म्हणालात आणि माझी जुनी जखम उघडलीत, म्हणून पुढचं.

मी डॅलसजवळ अर्व्हिंगला राहतो. फेब्रुवारी २०११चा सामना आमच्या शेजारी अर्लिंग्टनला होता. आमचे साडू उत्तरेकडच्या बर्फाळ मिनियापोलिसचे. त्यांना मीच फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, “या इकडे, उन्हात बसू, तुमच्यासारखे फावडे घेऊन अंगणात उभे राहत नाही आम्ही.” तिकिटं आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती, ती आपल्या ऐपतीची नसतातच. पोरांना घेऊन डॅलसमध्ये हिंडायचं, रविवारी घरी टीव्हीपुढे मिसळ, असा बेत होता.

ते सोमवारी संध्याकाळी आले. मंगळवारी सकाळी उठतो तर रस्त्याची काच झालेली. बर्फ नाही, नुसती काच. शाळा बंद त्या चार दिवस बंदच. बुधवारी वीज गेली; अख्ख्या टेक्सासात आळीपाळीने लोडशेडिंग! साडू अंधारात हसत होते. “अहो, आम्ही सांगली सोडली ती याच्यासाठीच ना?” गाडीची काच साफ करायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी बायकोचं थालीपिठाचं उलथनं घेऊन बाहेर गेलो. साडूंनी त्याचा फोटो काढला. तो फोटो दोन्ही घरांच्या सगळ्या नातेवाइकांनी पाहिलेला आहे.

शुक्रवारी वर आणखी बर्फ पडला आणि स्टेडियमच्या छतावरून बर्फाच्या लाद्या खाली कोसळून काही कामगार जखमी झाले. रविवारी सुमारे १,२५० तात्पुरत्या खुर्च्या तयारच नव्हत्या; तिकीट हातात असूनही ४०० जणांना जागा मिळाली नाही. पॅकर्सनी स्टीलर्सना ३१-२५ हरवलं म्हणे. माझं लक्ष कुठे होतं!

तेव्हापासून साडूंचं पालुपद एकच: ज्यांना बर्फ काढता येतो त्यांनाच सामना द्यावा. २०१८ला तो मिनियापोलिसला गेला, बाहेर उणे १५ सेल्सिअसच्याही खाली, आणि सगळं सुरळीत पार पडलं, तेव्हा तर विचारू नका.

पण साडूंना मी जे कधी पटवू शकलो नाही ते इथे लिहितो. डॅलस हवेमुळे निवडलं नव्हतंच. २००७ साली लीगच्या संघमालकांनी इंडियानापोलिसला डावलून आम्हाला मत दिलं, तेव्हा आमचं स्टेडियम पुरं बांधूनही झालं नव्हतं. त्यासाठी अर्लिंग्टनच्या लोकांनी २००४मध्ये ३२.५ कोटी डॉलरचं कर्ज आणि वाढीव विक्रीकर मान्य केला होता. गावात धड बससेवा नव्हती, पण स्टेडियम! आणि मिनियापोलिसलाही बर्फ काढता येतो म्हणून नाही, नवं छताचं स्टेडियम बांधलं म्हणूनच मिळाला. लीगने त्यांच्यापुढे १५३ पानांची मागण्यांची यादी ठेवली होती, त्यात ३५,००० गाड्यांचं फुकट पार्किंगसुद्धा. वरपक्षाची यादी म्हणा ना! तिकिटांचे पैसे लीगचे, पोलीस बंदोबस्त गावाचा. शहराची भरभराट वगैरे जे आकडे छापतात त्यांवर माझा विश्वास नाही.

हवेचा एक नियम होता खरा: सरासरी ५० फॅरनहाइट (१० सेल्सिअस) तरी हवी, नाहीतर छत हवं. २०१४ला न्यू जर्सीच्या उघड्या स्टेडियमसाठी तो गुंडाळून ठेवला. तेही तेव्हा नवंच होतं. सामन्याचा दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवशी हिमवर्षाव.

हां, न्यू ऑर्लिन्सला माझा नियम लागू होत नाही. तिथलं छताचं स्टेडियम १९७५चं, तरी त्या शहराला ११ वेळा मान मिळालाय, कारण हॉटेलातून चालत सामन्याला जाता येतं. आणि पूर्वी शहरं एकमेकांविरुद्ध बोली लावायची. आता लीगच एका शहराला बोलावून बोलणी करते, मग ३२ मालक मत देतात. तुम्ही हेच विचारत होतात बहुतेक.

इंडियानापोलिसला आमच्या पुढच्याच वर्षी, २०१२ला, सामना मिळाला, आणि त्या आठवड्यात तिथे चक्क उबदार हवा होती. साडूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बघा, त्यांच्याकडे गाडीच्या काचेवरचा बर्फ काढायची खरवडणी असूनही लागली नाही.” २०१२च्या अधिक महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघांना अनारशांचं वाण दिलं, तेव्हा साडूंनी भर पंगतीत मला एक खरवडणी दिली. पितळी ताटात ठेवून.