घरी १८ मिमीच्या पार्टिकल बोर्डची (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेला बोर्ड) चार फुटी पुस्तकांची फळी बनवली, टोकांनाच आधार आहे, ती मधे वाकली, काय करता येईल?

फळी फक्त उलटी करून बसवू नका, ती पुन्हा झुकेल. १८ मिमीचा पार्टिकल बोर्ड चार फुटांवर नुसता दोन टोकांना टेकवलाय, खरी गोम तिथे आहे. फळीभर पुस्तकं असतील तर आधारांमधलं अंतर दुप्पट केल्यावर बाक १६ पट होतो! जाडी दुप्पट केली तर तो आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळे मधोमध एक उभी फळी देणं सगळ्यात सोपं.

मधे आधार नकोच असेल तर पुढच्या कडेला दीड-दोन इंच रुंदीची, सरळ रेषांची (म्हणजे लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ गेलेली) लाकडी पट्टी उभी लावा, म्हणजे तिची रुंदी वर-खाली राहील. आडवी लावली तर शोभेपुरतीच. आधी फळी पालथी घालून वजनाने सपाट करा, मग गोंद लावा आणि क्लॅम्प रात्रभर आवळून ठेवा. स्क्रू मारायचे असतील तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर पट्टी चिरते.

नवीनच करणार असाल तर सरळ प्लायवूड घ्या, वरच्या थराच्या रेषा लांबीच्या दिशेने ठेवा. पार्टिकल बोर्ड कायमच्या वजनाखाली हळूहळू बसत जातो. ओल लागली तर विचारूच नका.