उडणाऱ्या जनावराला रोज किती मटण लागतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कादंबरीत माणसाला पाठीवर घेऊन उडणारं आणि आग ओकणारं जनावर आहे. त्यावर स्वार झालेली तीनशे जणांची फौज आहे. दुसऱ्या भागात तळहातावर मावणारा ‘ऊर्जामणी’ येतो, ज्यावर घर महिनाभर चालतं. पहिला खर्डा वाचणारे म्हणाले, ‘पटत नाही.’ म्हणून तुम्ही दोन पानं शास्त्रीय खुलासा घातलात, तर आता तेच म्हणतात, ‘कंटाळा आला.’ मग विज्ञान घालायचं तरी किती?

ती दोन पानं आधी काढून टाका. खुलाशाने कुणाला काही पटत नाही, पटतो तो हिशोब. जनावर उडतं कसं, असं विचारणारा वाचक विरळाच. ते खातं काय, दमतं कधी आणि त्याचं शेण कोण उचलतं, हे दिसलं की तो उडण्याबद्दल विचारायचं विसरतो. हिशोब मात्र तुम्हाला वहीत खराखुरा करावा लागेल, मग पानावर त्यातली दोनच वाक्यं आली तरी चालतील. तुमच्याच जनावरावर करून दाखवतो.

आधी आकार. कुठलाही प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला की वजन आठपट होतं, पण हाडाची जाडी म्हणजे त्याचा छेद आणि पंखाचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. गॅलिलिओने १६३८ साली हे मांडलं, आणि तिप्पट लांबीच्या हाडाला तेच काम करायचं तर ते किती बेढब जाड व्हावं लागेल, याचं चित्रही काढलं. म्हणून गरुड नुसता फुगवून त्यावर माणूस बसवता येत नाही. आज उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात जड म्हणावेत असे माळढोकाच्या कुळातले नर १८-१९ किलोपर्यंत जातात, आणि तेही नाइलाज झाला तरच उडतात.

पण निसर्गाने ही मर्यादा एकदा बरीच ताणली होती. क्वेत्झलकोआट्लस हा उडणारा सरीसृप सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी नाहीसा झाला. त्याच्या पंखांचा विस्तार १० ते ११ मीटर होता आणि वजनाचे बहुतेक अंदाज २०० ते २५० किलोच्या आसपास आहेत. उभा राहिला की जिराफाएवढा उंच, वजनाला मात्र घोड्याच्या निम्मा. तेव्हा तुमचं जनावर अगदीच अशक्य नाही, फक्त ‘हत्तीएवढं’ हा शब्द तेवढा खोडा. जिराफाएवढं उंच आणि काडीसारखं हलकं जनावर हत्तीपेक्षा कितीतरी विचित्र दिसतं, आणि विचित्र दिसलेलं तुम्हाला हवंच आहे.

आता स्वार. जनावर २०० किलोचं धरलं तर ६० किलोचा माणूस म्हणजे त्याच्या वजनाच्या तीस टक्के ओझं. तेही चिलखत, तलवार, पाणी न धरता. याचा अर्थ तुमचा सहा फुटी धिप्पाड सेनापती जमिनीवरच राहणार. उडणार ती पंचेचाळीस किलोची पोरं-पोरी. आता बघा, हुकूम देणारे कधीच उडलेले नाहीत आणि उडणाऱ्यांना अजून मिसरूडही फुटलेलं नाही. फौजेतला तणाव तुम्ही तिसऱ्या प्रकरणात ओढूनताणून आणला आहे, तो इथे आयता मिळतो.

मग खाणं. माक्स क्लायबर या जीवशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवलं की प्राण्याचा विश्रांतीतला ऊर्जाखर्च वजनाच्या साधारण पाऊण घाताने वाढतो. किलोतल्या वजनाचा पाऊण घात घ्या, ७० ने गुणा, की दिवसाच्या किलोकॅलरी येतात. २०० किलोला सुमारे ३,७०० येतात, म्हणजे तासाला दीडशेच्या वर. पंख मारत उडायला याच्या दहापट धरा. रोज चार तास उड्डाण आणि उरलेला वेळ आराम असं धरलं तरी ९,००० च्या पुढे जातं. हा ठोकळ हिशोब आहे, पण कादंबरीला पुरतो. मांसात सांगायचं तर दिवसाला सहा-सात किलो. एका जनावराला हे काहीच नाही. तीनशेंना रोज दोन टन. एका बकऱ्याचं पंधरा किलो मांस धरलं तर रोज एकशेतीस बकरे, आणि दहा दिवसांच्या मोहिमेत तेराशे.

ही फौज ज्या खोऱ्यातून जाईल तिथले धनगर काय म्हणतील? तुमच्या खर्ड्यात गावकरी आकाशाकडे बघून जयजयकार करतात. माझ्या मते ते कळप घेऊन डोंगरात पळून जातील.

खर्च कमी करायची वाट निसर्गाकडे आहे. आल्बट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी पंख पसरले की खांद्यातल्या कंडरेच्या जोरावर ते तसेच धरून ठेवतो, त्यामुळे तरंगताना त्याची हृदयगती विश्रांतीतल्या गतीच्या फार वर जात नाही. जमिनीवरून उडणारे गिधाडासारखे जड पक्षी तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या झोतांवर घिरट्या घालत उंची गाठतात. तुमचं जनावरही तेच करील. पण ऊन चढून जमीन तापल्याशिवाय हे झोत उठत नाहीत. तेव्हा तुमच्या फौजेचा तो पहाटेचा हल्ला विसरा. उलट शत्रूला ही गोष्ट ठाऊक असेल, आणि पहाटे तोच येईल, जनावरं जमिनीवर जखडलेली असताना. अकरावं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल खरं, पण मला विचाराल तर ते लिहायलाच हवं होतं.

आगीचं काय? बहुतेक जण पोटातल्या वायूकडे धावतात. गाय दिवसाला २५० ते ५०० लिटर मिथेन ढेकरांतून सोडते. ३०० लिटर धरले तर त्यातली ऊर्जा एक-तृतीयांश लिटर पेट्रोलइतकी भरते. अख्ख्या दिवसाची साठवण, आणि तीही रवंथ करणाऱ्या जनावराची. तुमचं तर मांसाहारी आहे. शिवाय तो तीनशे लिटरचा फुगा घेऊन उडायचं कसं?

द्रव बरा. फुल्मार नावाचा समुद्रपक्षी, विशेषतः त्याची पिल्लं, जवळ येणाऱ्या शिकाऱ्यावर पोटातलं दुर्गंधी तेल थुंकतात. या तेलातली ऊर्जा डिझेलच्या जवळपास असते. बॉम्बार्डियर भुंगेरा शेपटाकडच्या एका कोशात हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बाळगतो. ते जाड भिंतीच्या दुसऱ्या कोशात ढकलतो, तिथली विकरं (एन्झाइम) भडका उडवतात आणि जवळपास १०० अंश सेल्सियसचा फवारा बाहेर पडतो. म्हणजे तेल पोटात ठेवणं आणि रसायनं वेगळी ठेवून ऐनवेळी मिसळणं, या दोन्ही गोष्टी जिवंत प्राणी करतात. राहता राहिली ठिणगी. ती जनावराला देऊच नका, स्वाराच्या हातात पलिता द्या. जनावर तेल ओकतं, माणूस पेटवतो. मग प्रत्येक जुन्या स्वाराच्या भुवया जळलेल्या असतील, आणि वारा समोरून असेल तेव्हा कुणी पलिता काढणार नाही.

पायांचंही बघायला हवं. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव झाले. वटवाघूळ, पक्षी आणि ते जुने उडते सरीसृप यांनी पंखांसाठी पुढचे पाय खर्ची घातले आहेत. तुम्हाला सहाच हवे असतील तर कुंपणावरचा सरडाही सहा पायांचा दाखवा, स्वयंपाकघरातला उंदीरही. एका ओळीचं काम आहे, पण त्याने जनावराला पूर्वज मिळतात. नाहीतर ड्रॅको सरड्याकडे बघा. त्याचे चारही पाय शाबूत आहेत, त्याने फासळ्या लांबवून त्यावर कातडीचा पंख ताणला. तो फक्त तरंगतो, पण छोट्या, झाडावरच्या जातीसाठी कल्पना सुरेख आहे.

हे शहाणपण मला ठेच लागून आलं आहे. पूर्वी मी एक कथा लिहिली होती, जमिनीखालच्या बंद गुहेतल्या प्राण्यांची. मोठाले डोळे, चंदेरी कातडी, वर्णनावर खूश होतो. एका वाचकाने दोन ओळी लिहून पाठवल्या : ‘मिट्ट काळोखात डोळे कशाला? आणि ते एकमेकांना खातात हे ठीक, पण पहिल्याने काय खाल्लं?’ उत्तर नव्हतं. मग वाचायला बसलो. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी उष्ण झरे सापडले, तिथलं सगळं जीवन सूर्यावर नाही, तर गंधकाच्या संयुगांवर जगणाऱ्या जीवाणूंवर उभं आहे. रोमानियातली मोव्हिले गुहा १९८६ मध्ये उघडी पडली. लाखो वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेल्या त्या गुहेत आंधळे, रंगहीन कीटक आणि विंचवासारखे प्राणी असेच जीवाणूंच्या सायीवर पोसले गेले होते. मी कथेतले डोळे काढले, पाण्यावर पांढरी साय घातली आणि गुहेत शिरताना सडक्या अंड्यांचा वास आणला. रसायनांबद्दल एक शब्दही लिहिला नाही. दुसऱ्या वाचनात त्याच वाचकाला तो वास आवडला.

आता ऊर्जामणी. घराला महिन्याला २०० युनिट वीज लागते असं धरू. ही झाली ७२ कोटी ज्यूल, म्हणजे १७० किलो टीएनटीच्या स्फोटाएवढी. तुमची नायिका ती वस्तू खेळण्यासारखी हवेत उडवून झेलते! एवढी ऊर्जा एवढ्या जागेत कोंबली की ती वस्तू बॉम्बही असतेच, मग आतली यंत्रणा कशीही असो. तेव्हा मणी कुणाकडे असावा याचे कायदे असतील, बाजाराच्या वेशीवर झडती होईल, तडा गेलेला मणी ओळखणारे जाणते असतील. आणि गळती? रोज फक्त एक टक्का झिरपली तरी सतत ८० वॅटच्या वर उष्णता, म्हणजे जुना पिवळा बल्ब चोवीस तास खिशात. मणी खिशात ठेवता येणार नाही, मातीच्या भांड्यात राखेवर ठेवावा लागेल. थंडीत आख्खं घर त्याच्याभोवती झोपेल. ही ऊर्जा मुळात आली कुठून, हे सांगू नका. ती तुमची एक थाप. एक थाप वाचक आनंदाने खपवून घेतो, पण त्या थापेचे परिणाम चुकवलेत तर पुस्तक मिटतो.

तुमच्या अदृश्य हेराबद्दल एवढंच, की डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषला नाही तर दिसणार काय? पूर्ण अदृश्य माणूस आंधळा असतो. काचबेडूक झोपताना बहुतेक लाल रक्तपेशी यकृतात दडवतो आणि जवळजवळ पारदर्शक होतो, पण जागा होऊन हलला की रक्त पुन्हा फिरतं. हेर फक्त निश्चल असतानाच दिसेनासा होतो, असं केलंत तर दारामागचा तो प्रसंग किती ताणता येईल बघा.

नावांबद्दल माझी जुनी तक्रार आहे. ‘ऊर्जामणी’, ‘व्योमाश्व’, ‘अग्निस्रावी ग्रंथी’ हे सगळं सरकारी परिपत्रकात शोभेल. आपण ‘भ्रमणध्वनी’ म्हणतो का? रोज वापरणारा माणूस शब्द झिजवतो. घरात तो नुसता ‘मणी’ असणार, फौजेत जनावराला ‘ढापण्या’ किंवा ‘लांबुडकी’ म्हणणार आणि ग्रंथीला ‘बुधली’. जड नाव एखाद्या पंडिताच्या तोंडी एकदा येऊ दे, बस.

त्या दोन पानांच्या जागी मी साधारण असं काही लिहीन :

‘चौथी बादली संपली तरी लांबुडकी मान खाली घेईना. “काल किती उडवलीस?” म्हातारीने विचारलं. पोरगी गप्प. म्हातारीने बुधलीवर तळवा ठेवला, दाबला, वास घेतला. “रिकामी. दोन दिवस पलित्याला हात लावायचा नाही.” पोरीने बाहेर बघितलं. दगड अजून गार होते. ऊन यायला तासभर होता, आणि खिंडीत धूळ दिसत होती.’

इथे खाणं, तेल, थकवा आणि हवेचे झोत सगळं आलं, खुलासा एकही नाही.

एक राहिलं. स्वार पाच-साडेपाच किलोमीटर उंचीवर गप्पा मारतात, ते खाली आणा. तिथे हवेचा दाब जवळपास निम्मा आणि तापमान जमिनीपेक्षा तीस-पस्तीस अंशांनी कमी. पट्टकादंब हंस त्याच्याही वर उडतात, कारण पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते. तुमच्या जनावराला ते जमेल, पाठीवरच्या पोरीला नाही. दोन किलोमीटरवर ठेवा, आणि तिथेही वाऱ्यात बोलणं ऐकू येणार नाही, तेव्हा हातवाऱ्यांची एखादी भाषा लागेल.