वॉशिंग्टनच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी नाशिकहून निघताना

नाशिकहून एकीने विचारलंय: "एम.ए. राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉशिंग्टनमधली एक लहानशी अ‍ॅडव्होकसी संस्था (सरकारी धोरणं बदलावीत म्हणून पाठपुरावा करणारी) उन्हाळ्यात कम्युनिकेशन्स आणि रिसर्च इंटर्न म्हणून घ्यायला तयार आहे. मानधन नाही. त्यांनी लेखनाचा नमुना मागितलाय. टुरिस्ट व्हिसावर जाऊन चालेल का, आणि नमुना म्हणून काय पाठवू?"

टुरिस्ट व्हिसा डोक्यातून काढून टाका. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नव्हे, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. रोज ऑफिसात बसून संस्थेसाठी प्रेस रिलीज लिहिणं हे कामच, मानधन असो वा नसो. विमानतळावर चौकशीत हे निघालं तर तिथूनच परत पाठवू शकतात, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचा खुलासा करत बसावं लागतं.

तुमचा रस्ता जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिसाच्या इंटर्न गटाचा. अमेरिकेबाहेर पदवीचं किंवा पुढचं शिक्षण घेणाऱ्यांना, किंवा ते पूर्ण होऊन १२ महिने झाले नसतील त्यांना तो मिळतो. घोटाळा होतो तो इथे: जिथे काम करायचं ती संस्था सहसा स्वतः याचे कागद काढू शकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेला स्पॉन्सर वेगळा असतो आणि डीएस-२०१९ हा मुख्य कागद तो देतो. स्पॉन्सरची फी चांगलीच मोठी असते, म्हणून ती कोण भरणार हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. शिवाय सेविसचे (परदेशी विद्यार्थी आणि इंटर्न यांची अमेरिकी सरकारी नोंदणी) २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर आहेतच.

संस्था लहान आहे म्हणालात, तर आजच एक गोष्ट विचारा. त्यांनी याच स्पॉन्सरमार्फत आधी जे-१ इंटर्न घेतलाय का? घेतला नसेल, आणि कर्मचारी २५ पेक्षा कमी किंवा वार्षिक उत्पन्न ३० लाख डॉलरच्या खाली असेल, तर स्पॉन्सरला आधी त्यांच्या ऑफिसला प्रत्यक्ष भेट द्यावी लागते. यात आठवडे जातात. मार्चमध्ये होकार आणि जूनमध्ये विमान, हे गणित बहुधा इथेच फसतं.

दुसरा कागद डीएस-७००२, म्हणजे कामाचा आराखडा. तो तुमच्या वरिष्ठांनी भरायचा असतो, पण कच्चा खर्डा तुम्ही करून पाठवलात तर काम लवकर हलतं. "टीमला मदत करणे" असली वाक्यं परत येतात. त्याऐवजी असं लिहा: पहिले तीन आठवडे रोजच्या बातम्यांचं संकलन आणि पत्रकारांची यादी अद्ययावत करणं; पुढे संसदीय समित्यांच्या सुनावण्यांची टिपणं; शेवटी एका विषयावर दोन पानी फॅक्टशीट. आठवड्याला किमान ३२ तास दिसले पाहिजेत आणि कारकुनी काम २० टक्क्यांच्या वर जाता कामा नये.

तारखांचं बघा. पुणे विद्यापीठाच्या परीक्षा मेअखेरीपर्यंत, कधी त्याही पुढे रेंगाळतात, आणि वॉशिंग्टनमधल्या इंटर्नशिप बऱ्याचदा मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला चालू होतात. जूनचा मध्य मागून घ्या. त्याहून उशीर मात्र नको, कारण ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला सुट्टी असते. शिकण्यासारखं सगळं जून-जुलैतच घडतं.

आता लेखनाचा नमुना. शोधनिबंधाची २५ पानं पाठवू नका, ती कोणी वाचत नाही. या संस्थांचं चलन म्हणजे एक-दोन पानी टिपण: मागणी काय, का, आणि आधार काय. अमेरिकेच्या प्रश्नावर ओढूनताणून लिहिण्यापेक्षा लासलगाव तुमच्या दारात आहे, त्यावर लिहा. कांदा निर्यातीचा क्रमच बघा: ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झालं. दीड-पावणेदोन वर्षांत सहा वेळा नियम बदलले. हे एका छोट्या तक्त्यात मांडा, खाली बाजार समितीचे त्या-त्या आठवड्यांचे भाव ठेवा आणि एकच मागणी करा, उदाहरणार्थ, निर्णय लागू होण्याआधी ठरावीक मुदतीची पूर्वसूचना. मागणी पहिल्या परिच्छेदात यायला हवी. आपल्याकडे प्रस्तावना, पार्श्वभूमी असं करत शेवटी मुद्द्यावर यायची सवय असते, ती इथे मारक ठरते.

प्रत्येक आकड्यासमोर मूळ अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख हवी. वर्तमानपत्राची बातमी हा आधार नव्हे. एकच आकडा चुकला तर विरोधी बाजू तेवढाच धरून पूर्ण अहवाल खोटा पाडते. म्हणून तिथे इंटर्नचं पहिलं काम बहुतेकदा दुसऱ्याच्या मसुद्यातला आकडा न् आकडा मूळ कागदाशी ताडून बघणं हेच असतं, आणि त्यात जो पक्का ठरतो त्याच्याकडे लिहायचं काम येतं.

संस्था ५०१(सी)(३), म्हणजे अमेरिकेतल्या करमुक्त सेवाभावी संस्थांच्या प्रकारात आहे का तेही बघून ठेवा. तशी असेल तर कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात तिला प्रचार करता येत नाही. कायद्यांसाठी लॉबिंग मर्यादेतच चालतं. संस्थेच्या खात्यावरून केलेलं एक उत्साही ट्विटसुद्धा तिला अडचणीत आणू शकतं. फॉर्म ९९० हे तिचं वार्षिक विवरण सर्वांना खुलं असतं. पैसा कुठे जातो ते त्यात दिसतं, मुलाखतीआधी वाचाच.

व्हिसा मुलाखत मुंबईत, बीकेसीला. सकाळची वेळ मिळाली तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका; नाशिक रोडहून सातच्या सुमारास निघून ती मुंबईत साडेदहाच्या आसपास पोचते. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. मोबाईल आत नेता येत नाही. अर्जात पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी खाती लिहायची असतात, आणि जून २०२५ पासून जे-१ व्हिसावाल्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. एखादं जुनं खातं विसरलात तर ती लपवाछपवी मानली जाऊ शकते.

मानधन नसल्यामुळे खर्चाची तरतूद कागदावर दाखवावी लागेल. राहण्यासाठी विद्यापीठांची वसतिगृहं उन्हाळ्यात इंटर्नना खोल्या देतात; त्या लवकर भरतात, तेव्हा स्पॉन्सर पक्का होताच नोंदवा. विमा घेताना प्रत्येक आजारामागे किमान १ लाख डॉलरचं संरक्षण आणि कपातीची रक्कम (डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा) ५०० डॉलरच्या आत, हे पॉलिसीत वाचून घ्या. इथल्या स्वस्त प्रवास विम्यात बऱ्याचदा ५०,००० डॉलरचंच संरक्षण असतं, ते चालत नाही. पोचल्यावर स्पॉन्सरला पत्ता लगेच कळवा. ती नोंद झाली नाही तर तुमचा कार्यक्रमच रद्द होतो.