कन्सोलवर जायचंय? आधी इंजिन बघ

अरे, मालवणात बसून प्लेस्टेशनवर गेम कसा न्यायचा, असं विचारलंस ना? २००६ साली आलेल्या प्लेस्टेशन ३चा सेल प्रोसेसर म्हणजे कापा फणस. आत गरे खरे, पण हाताला तेल न लावता कापायला बसलेल्या भल्याभल्यांचे हात चिकात अडकले. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, हे ते तेल. यंत्राच्या आतल्या भानगडी ते सांभाळतं, तू तुझा खेळ लिही. कन्सोलवाल्यांनाही हे कळतं, खेळच नसतील तर डबा घेणार कोण? म्हणून आपल्या वी यू कन्सोलच्या वेळी निन्टेंडोने परवानाधारक डेव्हलपरांना युनिटी हे इंजिन फुकट दिलं.

गोडो हे मुक्त इंजिन, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते, मलाही आवडतं. पण कन्सोलचा कोड गुप्ततेच्या कराराखाली असतो, तो मुक्त इंजिनात उघडा टाकता येत नाही. पोर्टसाठी, म्हणजे गेम कन्सोलवर चालेल असा करून घ्यायला, बहुधा बाहेरच्याकडे जावं लागतं, तेवढे पैसे धरून चाल.

आणि इंजिन सगळं करत नाही हं! माझा पहिला गेम कन्सोलवाल्यांच्या तपासणीत परत आला, कारण कंट्रोलरची जोडणी सुटली तरी खेळ चालूच. तेव्हा आत्तापासून पीसीवर खेळताना मधेच कंट्रोलरची वायर उपट. सेव्ह होताना वीजही घालवून बघ; पावसाळ्यात आपल्याकडे ती आपली आपणच जाते म्हणा.